मालकाचं मीटर

मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. चाळीत आम्ही चार खोल्या. कंपनीचं मीटर एकच, मालकाच्या नावावर; आम्हाला सब-मीटर. महिन्याला तो वहीच्या कागदावर आकडा खरडून दारात टाकतो. द्या!

मी म्हनलं, कंपनीचं बिल दाखवा. "तुला काय कळतंय त्यातलं?" कळतंय! शाळा सातवीत सुटली, गुणाकार नाही सुटला. खोलीमागं ८० युनिट. स्वतंत्र मीटर असतं तर चौघंही १०० च्या आतल्या स्वस्त दरात बसलो असतो. एका मीटरवर बेरीज ३२०. शंभराच्या पुढं दर चढतो, तीनशेच्या पुढं आणखी. तो चढ आमच्या माथी. वर जिन्यातला दिवाबी आमच्याच नावावर.

"वायर तोडीन" म्हणतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ वाच म्हणावं : योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडता येत नाही. भाड्याची पावती देणंही त्याला बंधनकारक. आमच्यात एकाकडंही नाही. मागितलीच कुणी?

१९२७ ला महाडात पाण्यावर हक्क सांगणाऱ्यांची आपण पोरं. जयंतीच्या रोषणाईचा पैसा न् पैसा लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनो, स्वतःच्या खोलीचं रीडिंग कधी लिहिलंत?

मी एक तारखेला चारही आकडे जिन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेत. येऊ दे त्याला कागद घेऊन.