पाठीच्या ऑपरेशननंतरचा एमआरआय
अम्मी-अब्बांच्या रिपोर्टमध्ये ‘एपिड्युरल फायब्रोसिस’ वाचून घरचे घाबरतात. हा नसेभोवती राहिलेला जखमेचा व्रण. ऑपरेशननंतर तो बहुतेकांना होतो. पाय त्यामुळेच दुखतोय असे नाही. ‘रिकरंट डिस्क’ म्हणजे मात्र मणक्यातली गादी त्याच जागी पुन्हा सरकलेली. साध्या एमआरआयमध्ये दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात: व्रण उजळतो, गादीचा मधला भाग काळाच राहतो. किडनीचा आजार असेल तर आधीच सांगा. जुना एमआरआय आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या. बरेच जण नेमके तेच घरी विसरतात. लघवी अडली किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.