मत्सराचे माप

भिलाईच्या पोलाद कारखान्यात मोजमापाशिवाय पान हलत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या नगरीत उष्णता हा अंदाजाचा नव्हे, तर आकड्याचा विषय आहे. वितळलेल्या पोलादाचे तापमान सुमारे १६०० अंश सेल्सिअस असते. ते जाणून घेण्यासाठी थर्मोकपल बसवलेली लांब नळी त्या रसात क्षणभर बुडवतात. काही सेकंदांत आकडा मिळतो. नळीचे टोक मात्र जळून जाते. प्रत्येक मापाला एक टोक खर्ची पडते.

पाळी संपवून माणसे सेक्टरांतील आपापल्या क्वार्टरांकडे परततात. त्या घरांमध्येही एक आच कधी मंद, तर कधी भडकलेली असते. ती म्हणजे पति-पत्नींच्या किंवा प्रेमी जनांच्या नात्यातील मत्सर. या आचेचे माप घेता येते काय, हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटेल. परंतु मोबाइल फोनने ही आच अनेक घरांत वाढवली आहे आणि तिच्यापायी घरे मोडण्याची वेळ येत आहे. म्हणून त्याचा गंभीरपणे विचार करणे आवश्यक ठरते.

प्रथम शब्दाविषयी. हेवा आणि मत्सर हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. तरी त्यांत भेद करणे उपयोगाचे आहे. शेजाऱ्याने नवी स्कूटर घेतली आणि मन खट्टू झाले, तर तो हेवा. त्याला दोन माणसे पुरतात. येथे ज्या मत्सराचा विचार करावयाचा आहे, त्याला तिसरे माणूस लागते. ते माणूस खरे असो वा केवळ कल्पनेतले असो. ‘जे माझे आहे ते दुसऱ्या कोणाचे तरी होईल’ ही भीती त्याच्या मुळाशी असते. मराठीने स्त्रीच्या या भावनेला ‘सवतीमत्सर’ असे खास नाव दिले. पुरुषाच्या मत्सराला मात्र ‘संशयी स्वभाव’ म्हणून सोडून दिले. जणू स्त्रीचा मत्सर हा दोष आणि पुरुषाचा मत्सर हा नुसता स्वभाव! भाषेतील हा पक्षपात घराघरांतील पक्षपाताहून फार वेगळा नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या भावनेची मोजपट्टी तयार केली आहे. फायफर आणि वाँग या अभ्यासकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी पुढे अनेकांनी वापरली. तिच्यात २४ विधाने असून त्यांचे आठ-आठांचे तीन गट आहेत. पहिला गट विचारांचा: जोडीदाराचे अन्यत्र लक्ष आहे, अशी शंका मनात कितीदा येते? दुसरा भावनांचा: जोडीदार परक्या व्यक्तीशी सलगीने वागला, तर मनाला किती लागते? तिसरा वर्तनाचा: खिसे तपासणे, फोन कोणाचा होता म्हणून खोदून विचारणे, अचानक जाऊन पाहणे अशी कृत्ये कितीदा घडतात? उत्तरे १ ते ७ या आकड्यांत द्यावयाची असतात.

या मोजपट्टीचे खरे शहाणपण हे तीन गट वेगळे ठेवण्यात आहे. एखाद्या माणसाच्या काळजात कळ उठते. पण तो ती गिळून आपल्या कामाला लागतो. दुसरा वरून शांत दिसतो आणि रोज रात्री जोडीदाराचे खिसे चाचपतो. दोघांच्या आकड्यांची बेरीज कदाचित सारखी येईल; त्यांच्यासोबत राहणाऱ्यांचे जगणे मात्र सारखे नसेल. कळ उठणे कोणाच्या हाती नसते. खिशाकडे जाणारा हात मात्र ज्याचा त्याच्या ताब्यात असतो.

अशा मापाला मर्यादा आहेत. उत्तरे ज्याची तोच देतो आणि संशयी माणूस आपल्या संशयाला बहुधा ‘काळजी’ म्हणतो. विद्यापीठातील तरुणांना विचारलेला प्रश्न एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या सुनेला विचारला, तर त्याचा अर्थही बदलतो. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ही मोजपट्टी उत्तर देणाऱ्याचे मन मोजते. त्याचा जोडीदार एकनिष्ठ आहे की नाही, याविषयी ती एक अक्षरही सांगत नाही. मोबाइल हाती आला आणि हा फरक पुसला गेला.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ या नाटकात पुढे घडणाऱ्या या प्रकाराचे चित्र जणू आधीच आले आहे. १९१६ मध्ये संगीत नाटकाच्या रूपात रंगभूमीवर आलेल्या या कृतीचे मूळ कथानक मोलिएर या सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककारापर्यंत मागे जाते. एवढ्यावरूनच हा रोग किती जुना आहे ते समजते. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि त्याची पत्नी कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. त्या क्षणापासून पति-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागतात. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडलेले असते. खोटा असतो तो त्यावरून काढलेला अर्थ. आणि प्रेक्षक हसतात, कारण मधला सुटलेला दुवा त्यांना ठाऊक असतो.

त्या नाटकात तसबीर एकच होती. आज प्रत्येकाच्या खिशात हजारो तसबिरी आहेत आणि प्रत्येकीखाली ती कोणाला आवडली त्यांची नावे आहेत. रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या कामगाराची कल्पना करावी. सकाळी सहाला पाळी संपवून तो फाटकाबाहेर येतो, मोबाइल उघडतो आणि व्हॉट्सॲपवर पत्नीच्या नावाखाली ‘लास्ट सीन’ची वेळ पाहतो: पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटे. एवढ्या रात्री ती कोणाशी बोलत होती? मुलाला ताप आला असेल आणि तिने माहेरी आईला विचारले असेल. कूलर बंद पडल्याने झोपमोड झाली असेल. राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ती परीक्षेचा अभ्यास करीत असेल आणि मैत्रिणीने पाठवलेल्या टिपा वाचत असेल. फोन यांपैकी काहीच सांगत नाही. तो फक्त वेळ सांगतो. वेळ आकड्यांत असते आणि आकडा दिसला की माणसाला तो पुरावा वाटतो. मग कारखान्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर त्या आकड्याभोवती एक संपूर्ण कथा रचली जाते. हीच गोष्ट उलट बाजूनेही घडते. नोकरीसाठी नागपूरला राहणाऱ्या पतीच्या छायाचित्राखाली एकच अनोळखी नाव वारंवार पाहणाऱ्या पत्नीची झोप अशीच उडते.

व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये संदेश वाचला गेल्याची निळी खूण आणली. तोपर्यंत उत्तर आले नाही, तर ‘अजून पाहिले नसेल’ असे म्हणण्याची सोय होती. त्या सोयीत किती घरांची शांतता सामावलेली होती, हे ती गेल्यावर कळले. पुढे ही खूण बंद ठेवण्याची मुभा मिळाली; पण आता ती बंद का ठेवली, हाच नवा प्रश्न उभा राहतो.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये ३०८ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकमुळे होणारा मत्सर मोजण्यासाठी त्यांनी २७ विधानांची स्वतंत्र मोजपट्टी तयार केली होती. फेसबुकवर ज्यांचा वेळ अधिक जातो, त्यांच्यात असा मत्सरही अधिक आढळतो, असे त्यांना दिसून आले. अधिक वेळ घालवल्याने मत्सर वाढतो की मत्सरी माणूसच अधिक वेळ घालवतो, हे अशा पाहणीतून निश्चित होत नाही. संशोधकांनी सुचवलेला अर्थ असा की, या दोन गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात: अर्धवट माहितीने शंका येते, शंकेपायी माणूस पुन्हा पाहतो आणि पुन्हा अर्धवटच माहिती मिळते. विहिरीत पाणी नसताना पोहरा सोडत राहावे, तसा हा प्रकार आहे. अधिक माहितीने संशय फिटतो ही समजूत येथे उघडी पडते.

म्हणूनच या गोष्टीचा शेवट बहुधा एका मागणीत होतो: ‘पासवर्ड दे.’ भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तेथील कुटुंब न्यायालयात चाललेल्या घटस्फोटाच्या दाव्यातून अशीच एक मागणी २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. पत्नीच्या वागण्याविषयी शंका असलेल्या पतीला तिच्या मोबाइलवरील कॉलचा तपशील हवा होता. कुटुंब न्यायालयाने नकार दिला आणि उच्च न्यायालयानेही त्याची याचिका फेटाळली. विवाह झाला म्हणून पत्नीचे खाजगी व्यवहार व संभाषणे पाहण्याचा अधिकार पतीला आपोआप मिळत नाही. मोबाइलचा किंवा बँकेच्या खात्याचा पासवर्ड देण्याची बळजबरी करणे हा खाजगीपणाच्या हक्काचा भंग असून ती कौटुंबिक हिंसाही ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला होता. त्या तत्त्वाचा हा घराच्या उंबरठ्याआतला विस्तार आहे.

कायदा येथेच थांबत नाही, हेही सांगितले पाहिजे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की, पति-पत्नींमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून स्वीकारता येईल. पण विवाहात एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ यावी, हेच ते नाते मोडकळीस आल्याचे लक्षण होय, असेही न्यायालयाने नमूद केले. हे दोन निर्णय परस्परविरोधी आहेत असे काहींना वाटेल. वास्तविक, दावा उभा राहिल्यावर न्यायाधीशासमोर काय ठेवता येते हा एक प्रश्न आहे. संसार चालू असताना जोडीदाराची झडती घ्यावी काय हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्याने दिले, म्हणून दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ ठरत नाही.

‘लपवण्यासारखे काही नसेल, तर दाखवायला काय हरकत?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो निरुत्तर करणारा वाटतो. परंतु मोबाइलमध्ये केवळ त्याच्या मालकाचेच जीवन नसते. बहिणीने सांगितलेले तिच्या सासरचे दुःख, मैत्रिणीचे आजारपण, भावाने मागितलेले कर्ज हे सारे तेथे विश्वासाने ठेवलेले असते. ते दाखवण्याचा अधिकार फोन बाळगणाऱ्यालाही नाही. ज्या दांपत्यांचे फोन घरात उघडे पडलेले असतात आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. तेथे मागणी नसते, म्हणून नकारही नसतो. मागितलेला पासवर्ड आणि सहज सांगितलेला पासवर्ड यांत अक्षरे तीच असली, तरी व्यवहार तो नव्हे.

संशय दर वेळी खोटाच असतो असे नाही. पती खरोखरच दुसरीकडे गुंतला असेल, पगार घरी येत नसेल, मुलांची फी थकली असेल, तर त्या स्त्रीला ‘मत्सर सोड’ असे सांगणे हा क्रूरपणा होय. तिचा प्रश्न पोटगीचा, निवाऱ्याचा आणि सन्मानाचा आहे. त्याची उत्तरे फोनच्या पडद्यावर मिळत नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचार गुन्ह्यांच्या यादीतून वगळला. पण घटस्फोटासाठी ते कारण आजही ग्राह्य आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. १८१ या क्रमांकावर महिलांना साहाय्य मिळते. संकटातील स्त्रियांसाठी देशातील पहिले ‘सखी’ केंद्र २०१५ मध्ये छत्तीसगडमध्येच, रायपूर येथे सुरू झाले. त्या दारात जाण्यासाठी पतीच्या फोनची झडती घ्यावी लागत नाही.

देवलांच्या नाटकातील घोटाळा अखेर सुटतो, तो आणखी एखादी तसबीर सापडल्यामुळे नव्हे. फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती आणि आश्विनशेठ समोरासमोर येतात आणि ती तसबीर कोणाची, कोणाच्या हातून कोठे पडली, हे ज्याचे त्याने सांगितल्यावर सारा उलगडा होतो. पाळी संपवून सकाळी सहाला फाटकाबाहेर आलेला तो कामगार अजून घरी पोहोचावयाचा आहे. दोन वाजून दहा मिनिटांचा आकडा त्याच्या खिशात आहे. दार पत्नीच उघडणार आहे आणि ‘रात्री झोप लागली नाही का?’ हे शब्द काळजीने विचारता येतात, तसेच झडतीच्या सुरातही.