३२० म्हणजे ऐंशी टक्के नव्हे

मागच्या महिन्यात एक आजोबा मोतीबिंदू तपासायला आले होते. डोळ्यांत थेंब घालून त्यांना बसवले होते. बाहुली मोठी व्हायला अर्धा तास जातो आणि तोवर जवळचे वाचता येत नाही, म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, तुमच्याच लाईनमधलं आहे, जरा वाचून सांगा." नात न्यू जर्सीत वाढलेली. तिला ऑप्टोमेट्री करायची आहे. तिथल्या प्रवेश परीक्षेत सरासरी गुण ३२०, जास्तीत जास्त ४००. "म्हणजे ऐंशी टक्के. आजकाल ऐंशी टक्क्यांना कोण विचारतं? घरात सगळे म्हणतायत, पुन्हा बस."

असा प्रश्न मला पहिल्यांदा आलेला नाही, म्हणून इथेच लिहितो.

आधी एक खुलासा. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नजर तपासणारा, चष्म्याचा आणि लेन्सचा नंबर काढणारा तज्ज्ञ. शस्त्रक्रिया करणारे आम्ही, नेत्रशल्यचिकित्सक, वेगळे. अमेरिकेत कॉलेजच्या शिक्षणानंतर चार वर्षांचा 'डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री' हा अभ्यासक्रम असतो. त्याच्या प्रवेशासाठी बहुतेक विद्यार्थी 'ओएटी' ही परीक्षा देतात. तीत जीवशास्त्र, दोन प्रकारचे रसायनशास्त्र, फिजिक्स, इंग्रजी उताऱ्याचे आकलन आणि गणित असते.

आता गुणांकडे या. ही पट्टी शून्यापासून सुरू होतच नाही. ती २०० ते ४०० अशी आहे आणि ३०० हा सरासरी विद्यार्थ्याचा आकडा धरून आखलेली आहे. किती उत्तरे बरोबर आली ते मोजतात आणि मग तो आकडा या पट्टीवर बसवतात. कारण प्रत्येकाला येणारा पेपर तोच नसतो. एखादा थोडा अवघड, एखादा सोपा. म्हणून ३२० ला ४०० ने भागून टक्के काढणे म्हणजे थर्मामीटरवरच्या १०० फॅरनहाइटला 'शंभर टक्के ताप' म्हणण्यासारखे आहे. ३२० चा अर्थ एवढाच, की मुलगी सरासरीच्या बरीच वर आहे.

तुमच्या रिपोर्टवरचा ६/१२ हा आकडाही असाच चुकीचा वाचला जातो. "म्हणजे निम्मीच नजर राहिली का हो?" असे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. नाही. निरोगी डोळा जे अक्षर १२ मीटरवरून वाचतो, ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचता येते, इतकाच त्याचा अर्थ. तीही तुलनाच आहे, टक्केवारी नाही. आणि ६/६ म्हणजे पैकीच्या पैकी असेही नाही. काचबिंदूचे कितीतरी पेशंट ६/६ वाचतात आणि त्यांची कडेची नजर मात्र हळूहळू चाललेली असते.

ओएटीतही एकाच आकड्यावर थांबलात तर असेच फसाल. निकालपत्रात एकूण आठ आकडे असतात. सहा विषयांचे सहा, सर्व विज्ञान विषयांचा मिळून एक, आणि सहा विषयांची सरासरी. घरी कळवतात ती शेवटची सरासरी. समजा एखादीला ३४०, ३४०, ३३०, ३२०, ३१० मिळाले आणि फिजिक्समध्ये २८०. सरासरी ३२० च येते! पण प्रवेश समितीची नजर त्या २८० वर जाईल. तिकडच्या दंतवैद्यकाच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स नसते, इथे मुद्दाम ठेवले आहे. चष्म्याचा नंबर म्हणजे शेवटी भिंगाचे गणितच. (माझे स्वतःचे फिजिक्स बारावीला कसे होते, ते विचारू नका.)

मग पुन्हा बसावे का? माझे मत स्पष्ट आहे. एखादा विषय सरासरीच्या खाली गेला असेल तर जरूर बसावे. निव्वळ '८०' हा आकडा नातेवाइकांना सांगायला कमी वाटतो म्हणून बसू नये. आधीच्या प्रयत्नांचे गुणही कॉलेजांना दिसतात. शिवाय तिथली बरीच कॉलेजे अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात. दहा गुणांसाठी अर्ज लांबवला तर सगळे वर्ष हातचे जाऊ शकते. त्यात अर्ज गुणांवरच ठरत नाही. कॉलेजमधले गुण, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टच्या शेजारी बसून काम पाहिले आहे का, मुलाखतीत पेशंटशी कसे बोलाल असे वाटते, हे सगळे बघतात. आपल्याकडे एकाच पर्सेंटाइलवर यादी लागते, म्हणून आपल्याला ही पद्धत उमजत नाही आणि आपण इथून फोनवर सल्ले देतो. त्या सल्ल्यांचे ओझे मुलांना होते. आजोबांची नात निकालानंतर आठवडाभर कुणाशी नीट बोलली नव्हती, हे त्यांनीच सांगितले.

मी त्यांना म्हटले, "काका, सरासरी राहू द्या. फिजिक्सचे किती आहेत तेवढे विचारा."

न्यू जर्सीत मध्यरात्र होती, तरी पोरगी जागी होती. उत्तर आले, ३३०. सर्वांत कमी आकडा गणिताचा, तोही ३००.

"मग अर्ज भरू दे तिला," मी म्हणालो. आजोबांनी ते तसेच लिहायला मला सांगितले, कारण त्यांना अजून कीबोर्ड दिसत नव्हता. मी लिहिले आणि खाली 'आजोबा' असे टाकले. मग त्यांना स्लिट लॅम्पपुढे बसवले. हनुवटी टेकवता टेकवता ते म्हणाले, "आणि डॉक्टर, माझं ते ६/१२ म्हणजे पन्नास टक्के नाही ना?"