निर्धाव : बापू नाडकर्णींवर एका आकड्याने केलेला अन्याय

नाशिकच्या इतिहासात चिवटपणाचा विषय निघाला की पहिले नाव येते रामशेजचे. १६८२ मध्ये मोगलांनी वेढलेला हा लहानसा किल्ला वर्षानुवर्षे त्यांच्या हाती लागला नाही. तो लढवणाऱ्या शिबंदीला कोणी कंटाळवाणे म्हटल्याचे ऐकिवात नाही. याच नाशकात ४ एप्रिल १९३३ रोजी जन्मलेल्या एका खेळाडूच्या वाट्याला मात्र नेमके तेच विशेषण आले.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजेच बापू नाडकर्णी. डावखुरे फिरकी गोलंदाज, डावखुरे फलंदाज. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचा संघ अजून बाल्यावस्थेत असताना, १९५०-५१ च्या हंगामात ते त्याच्याकडून रोहिंटन बारिया करंडकात उतरले. पुढच्याच हंगामात महाराष्ट्राच्या रणजी संघात आले आणि डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले. विनू मांकड त्या सामन्यात नव्हते, म्हणून जागा रिकामी होती. बापूंनी नाबाद ६८ धावा केल्या, बळी एकही मिळाला नाही. मांकड परतले आणि बापू बाहेर गेले.

आता तो प्रसिद्ध दिवस. १२ जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीचा तिसरा दिवस. भारताने ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला होता. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. बापूंनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर त्यांच्या गोलंदाजीवर एकही धाव निघाली नाही. डावाअखेर त्यांच्या नावापुढे नोंद होती : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी.

(विक्रमप्रेमींसाठी एक बारकावा. सलग निर्धाव षटकांचा हा विक्रम असला, तरी कसोटीत धाव न देता सर्वाधिक सलग चेंडू टाकण्याचा मान दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डकडे जातो : १३७ चेंडू, १९५६-५७, डर्बन. तेथे तेव्हा षटक आठ चेंडूंचे होते.)

पुढे सगळी गंमत त्या शेवटच्या शून्यावर येऊन थांबते. ‘इतकी षटके टाकली आणि बळी एकही नाही!’ पण त्याच डावाच्या धावफलकावरील आणखी एक ओळ सहसा कोणी वाचत नाही : चंदू बोर्डे, ८८ धावांत ५ बळी. एका टोकाला धाव मिळत नसेल, तर फलंदाजाला ती दुसऱ्या टोकाला शोधावी लागते आणि तिथे लेगस्पिनर उभा असतो. बोर्ड्यांचे पाचही बळी बापूंमुळेच पडले, असा दावा करणे अतिशयोक्तीचे ठरेल. बोलस आणि बॅरिंग्टन यांनाही त्या दिवशी फारशी घाई नव्हतीच. तरीही गोलंदाजी जोडीने होते, एकट्याने नाही, हे त्या धावफलकाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

ही अचूकता दैवी देणगी नव्हती. सरावात खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी नाणे ठेवायचे आणि त्यावर चेंडू पाडत राहायचे, ही बापूंची ख्यात सवय. ४१ कसोटींत त्यांनी ९१६५ चेंडू टाकले आणि २५५९ धावा दिल्या, म्हणजे षटकामागे १.६७. हे सातत्य एका दिवसाच्या लहरीचे नव्हे.

भारताकडे तेव्हा प्रतिस्पर्ध्याला हादरवणारा वेगवान मारा नव्हता आणि खेळपट्ट्या निर्जीव होत्या. अशा संघाला धावांवर लगाम ठेवणारा हात हवाच असतो. खो-खोमध्ये संरक्षकाने मैदानात घालवलेला वेळ मिनिटे-सेकंदांत अभिमानाने लिहिला जातो. क्रिकेटच्या कोष्टकात तसा रकाना नाही, एवढाच फरक.

दुसरी बाजूही मान्य करावी लागते. त्या काळच्या बचावात पराभवाचे भय भरपूर होते. पाकिस्तानविरुद्ध १९५४-५५ आणि १९६०-६१ या दोन्ही मालिकांतील दहाच्या दहा कसोटी अनिर्णित राहिल्या. १९६३-६४ ची इंग्लंडविरुद्धची मालिकाही पाचही सामने अनिर्णित राहून संपली. प्रेक्षक कंटाळला असेल, तर दोष त्याचा नव्हता. मात्र संघाच्या भीतीचे खापर एका गोलंदाजाच्या माथी फोडणे हा इतिहास नव्हे, आळस आहे.

कारण त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत, कानपूरला, भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली, तेव्हा वाचवायला बापूच उभे होते. पहिल्या डावात नाबाद ५२, दुसऱ्यात वरच्या क्रमांकावर येऊन नाबाद १२२. ते त्यांचे एकमेव कसोटी शतक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ असे ११ बळी त्यांनी घेतले. भारत तो सामना हरला. कदाचित म्हणूनच ते ११ बळी विस्मरणात गेले आणि जानेवारीतले शून्य तेवढे उरले.

प्रथम श्रेणीत ५०० बळी आणि ८८८० धावा करणाऱ्या या खेळाडूचा अखेरचा कसोटी दौरा १९६८ चा, न्यूझीलंडचा. वेलिंग्टनला त्यांनी ४३ धावांत ६ बळी घेतले, ती त्यांची कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी. पुढची ऑकलंडची कसोटी त्यांची शेवटची ठरली. ती भारताने जिंकली आणि मालिकाही ३-१ अशी खिशात घातली. परदेशात भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका.