तिकीट आणि तारतम्य

१ एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी वानखेडे मैदानावर उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. रोहित शर्माच्या जागी त्याची नेमणूक झाली, हा त्याचा अपराध! नेमणूक केली संघचालकांनी. शिक्षा भोगली खेळाडूने. पुढे २९ जून रोजी ब्रिजटाउन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अखेरचे षटक त्यानेच टाकले. भारत ७ धावांनी विजयी झाला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष घुमला. हा पश्चात्ताप होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ते षटक फसले असते तर?

हरिहरेश्वरसारख्या किनाऱ्यावरील गावात कबड्डीचा सामना पाहणाऱ्यास ही चैन परवडणारी नाही. रायगड हा कबड्डीवेड्यांचा जिल्हा. तेथेही आरडाओरडा होतो, पंचांशी हुज्जत होते. परंतु ज्याच्या हातून पकड निसटली, तो गडी उद्या बाजारात किंवा एस. टी.त समोर यावयाचा असतो. जिभेला त्यामुळे आपोआप लगाम बसतो.

व्यावसायिक खेळाने ही ओळख तोडली आणि प्रेक्षकाचे गिऱ्हाईक केले. गिऱ्हाइकास नापसंतीचा अधिकार आहे, यात शंका नाही. चालकांच्या निर्णयाचा त्याने जरूर निषेध करावा. मात्र तिकिटाने खेळ पाहण्याचा हक्क मिळतो, खेळाडूच्या मानहानीचा नव्हे. खेळाडू गावचा नसला, तरी माणूस आहे. एवढे तारतम्य राखले तरी पुरे.