वेण्णा तलावाच्या कांठीं

आहार आणि विहार हे दोन्ही शब्द एकाच 'हृ' धातूपासून झाले आहेत. 'आ' उपसर्ग लागला म्हणजे जवळ आणणें असा अर्थ होतो. 'वि' लागला म्हणजे वेगळीकडे नेणें असा होतो. शरीराकडे आणावयाचा तो आहार, आणि रोजच्या जागेपासून मनाला वेगळीकडे नेतो तो विहार. पैकीं आहाराविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ विचार होतो. काय खावें, केव्हां खावें, कोणाला काय सोसतें, ह्याचा खल नित्य चालतो. विहाराची गोष्ट मात्र तशी नाहीं. सुटी लागली कीं मोटार ठरते, उतरण्याची जागा ठरते. परंतु तेथें जाऊन करावयाचें काय, हें तेथल्या गर्दीवर सोपविलें जातें. ह्या महिन्यांत ह्याच गोष्टीचा विचार एका परिचित स्थळाच्या निमित्तानें करावा असें योजिलें आहे. तें स्थळ म्हणजे महाबळेश्वरचा वेण्णा तलाव.

पांचगणीहून महाबळेश्वरास जातांना, बाजारपेठ सुमारें २ किलोमीटर राहिली असतां, रस्त्यालगतच हा तलाव लागतो. समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांहून अधिक उंचीवर, २८ एकरांचें हें पाणी झाडीच्या कोंदणांत बसविल्यासारखें दिसतें. हें सरोवर निसर्गनिर्मित आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. १८२९ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज ह्यांच्याशीं तह करून येथील जागा मिळविली व माल्कम पेठ वसली. १८३९ सालीं इंग्रजांनीं प्रतापसिंहांस पदच्युत केलें आणि त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ह्यांस गादीवर बसविलें. ह्या आप्पासाहेब महाराजांनीं १८४२ सालीं हा तलाव बांधविला. १८४८ सालीं ते वारले आणि दत्तक नामंजूर करून इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. राज्य गेलें, दरबार गेला. तलाव मात्र पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लोकांच्या उपयोगी पडत आहे.

आज येथें जाणारांपैकीं बहुतेक जण भर दुपारीं किंवा सायंकाळीं जातात. होडीसाठीं रांग, घोड्यासाठीं घासाघीस, भाजलेलें कणीस, छायाचित्रें, आणि परत. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. मुलांना कणीस व घोडा हवाच. परंतु एवढ्यावरच जो परतला त्यानें तलाव पाहिला असें म्हणवत नाहीं. माझी पहिली सूचना अशी कीं, मुक्कामांतील एक तरी सकाळ ह्या कांठासाठीं राखून ठेवावी. सूर्य वर येण्याच्या सुमारास पाण्यावर धुकें असतें, रस्ता शांत असतो, आणि पक्ष्यांचा आवाज ऐकूं येतो. डोक्यावर तुरा मिरविणारा शिपाई बुलबुल लहान मूलही चटकन ओळखतें. खंड्या पाण्याजवळच्या फांदीवर निश्चल बसलेला असतो. तो सूर मारीपर्यंत मुलांना गप्प बसवून पाहावें. दहा मिनिटें स्वस्थ बसणें हा धडा शाळेंत शिकवितां येत नाहीं, तो येथें एक पक्षी शिकवितो.

होडींत बसावयाचें तर वल्ह्यांची होडी घ्यावी. वल्हें एका बाजूनें मारलें असतां नाव दुसऱ्या बाजूस कां वळते, हें पुस्तकांतील चार पानांपेक्षां चार वल्ह्यांनीं अधिक समजतें. मात्र तरंगण्याचें जाकीट प्रत्येकानें, पोहतां येणारानेंही, घातलेंच पाहिजे. नावाडी सांगेल त्याहून एकही माणूस अधिक बसवूं नये, आणि मध्येंच उभें राहूं नये.

डिसेंबर-जानेवारींत जाणारांस येथें एक चमत्कार दिसण्याचा संभव असतो. कांहीं पहांटे तलावाच्या कांठचें गवत, होड्यांची फळी, मोटारींचीं छपरें पांढरीं होतात. दंव गोठून त्याचे हिमकण झालेले असतात. गंमत अशी कीं, त्याच वेळीं बाजारांतील उष्णतामापक शून्याच्या बराच वर असतो. मग बर्फ कोठून आलें? निरभ्र, कोरड्या, वारा नसलेल्या रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्यानें टाकते. जमिनीलगतची हवा थंड झाली कीं जड होते, आणि पाणी उतारावरून वाहावें तशी हळूहळू सखल भागांत उतरून सांचते. तलावाचा परिसर हा असाच खोलगट आहे. म्हणून गवताच्या पातीपाशीं पारा शून्यावर येतो व चार हात वर तो तितका उतरत नाहीं. हें दृश्य पाहून आपण आनंदतों; पण शेजारच्या वाफ्यांतील स्ट्रॉबेरीचें पीक ह्याच हिमानें काळवंडतें. महाबळेश्वरच्या ह्या फळास २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, व त्यावर ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबें जगतात. एकाची मौज ती दुसऱ्याची चिंता असूं शकते, हेंही मुलांना त्याच पहांटे सांगावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. एकदां कांठावर एका सुशिक्षित गृहस्थांस त्यांच्या मुलानें विचारलें, "बाबा, हें पाणी कोठें जातें?" गृहस्थ म्हणाले, "कोठें जाणार? येथेंच असतें." प्रश्न उत्तम होता, उत्तर तितकें उत्तम नव्हतें. हें पाणी दोन ठिकाणीं जातें. एक वाट नदीची. वेण्णा येथून खालीं उतरते, लिंगमळ्याच्या कड्यावरून सुमारें ५०० फूट कोसळते, कण्हेरच्या धरणांत विसांवते आणि साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला मिळते. न्यायनिष्ठुर रामशास्त्र्यांचें गांव तें हेंच माहुली. पुढें कृष्णेबरोबर तें पाणी बंगालच्या उपसागरास जातें. आणि ह्याच डोंगरावर उगम पावलेली सावित्री मात्र पश्चिमेस उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. एका डोंगराचें पाणी दोन समुद्रांस जातें, ही भूगोलाची केवढी मोठी गोष्ट!

दुसरी वाट नळाची. महाबळेश्वर व पांचगणी ह्या दोन्ही गांवांस पिण्याचें पाणी ह्या तलावांतून पुरविलें जातें. म्हणजे दुपारीं ज्या पाण्यावर आपण नौकाविहार करतों, तेंच शुद्ध होऊन रात्रीं आपल्या पेल्यांत येतें. कोणी म्हणेल, जेथें वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो तेथें पाण्याची काय वाण? परंतु हा पाऊस बहुतेक चार महिन्यांतच पडतो. डोंगराच्या माथ्यावर जांभा दगड आहे, तो सच्छिद्र. कांहीं पाणी त्यांतून झिरपून खालच्या काळ्या पाषाणाशीं अडतें व झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. बाकीचें उतारावरून धांवत निघून जातें. ह्यामुळें मे महिन्यांत, जेव्हां पाहुणे सर्वांत अधिक, तेव्हां पाणी सर्वांत थोडें असतें. कांठावरील दगडांवर पाण्याच्या पूर्वीच्या पातळीच्या रेषा दिसतात. मुलांना त्या रेषा मोजावयास लावाव्या. काटकसरीवरील व्याख्यानापेक्षां त्यांचा परिणाम अधिक होईल.

पुराणांत कथा आहे कीं, सावित्रीच्या शापानें विष्णु कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला आणि ब्रह्मदेव ककुद्मती, म्हणजे आपली कोयना, झाला. ही कथा कोणी श्रद्धेनें ऐकावी, कोणी रूपक म्हणून ऐकावी. पण जुन्या महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत हात जोडून यावयाचें आणि त्याच वेण्णेंत बिस्किटांचें वेष्टन भिरकावयाचें, ह्यास कोणत्याही शास्त्रांत आधार नाहीं. पाण्यांत थुंकूं नये, मलमूत्र टाकूं नये, असें मनुस्मृतीनेंही स्पष्ट सांगितलें आहे. कांठावर जें पडेल तें पहिल्या वळिवाबरोबर तलावांतच उतरावयाचें. २००१ सालीं सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, व २०१८ सालीं राज्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. कायद्यानें दंड होतो. संवय मात्र घरींच लागते.

आणखी एक. नावाडी, घोडेवाले, कणीस भाजणारी बाई ह्यांचा हंगाम थोड्या महिन्यांचा. ऐन पावसांत होड्या बंद, घोडीं थानावर, आणि दुकानें झडींच्या आड. त्यांच्याशीं चार रुपयांसाठीं घासाघीस करून, मुक्कामाच्या ठिकाणीं हजारों खर्चणें हें सुशिक्षितास शोभत नाहीं. त्यांच्याशीं बोलावें. अंजनीला निळा बहर केव्हां येतो, कारवी मागें कोणत्या सालीं फुलली, हें त्यांना विचारावें. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते; त्या हिशेबानें ते आपल्या मुलांचीं वयेंही सांगतील.

म्हणून वाचकांस विनंति एवढीच. पुढील सुटींत ह्या तलावावर जाल तेव्हां एक सकाळ द्या, एक कापडी पिशवी बरोबर न्या, आणि मुलानें "हें पाणी कोठें जातें?" असें विचारलें तर त्याला माहुलीपर्यंतही न्या आणि स्वयंपाकघरांतील नळापर्यंतही न्या. जो विहार मनाला दूर नेऊन अधिक शहाणें करून घरीं परत आणतो, तोच आहाराइतका पथ्यकर होय.