बंगाली की बांगलादेशी?

एखाद्या देशाच्या नागरिकास कोणते नाव द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा वाटतो. कज्जेदलालीत आयुष्य घालविणाऱ्यास मात्र ठाऊक असते की, कागदावरील एका शब्दापायी माणसाचे घरदार जाऊ शकते. शेजारच्या बांगलादेशात हा वाद १९७२ पासून चालू आहे. त्याविषयी आमचे मत प्रारंभीच सांगतो : नागरिकाचे नाव राज्यावरून पडावे, भाषेवरून नव्हे. भाषेचे नाव राज्याने कोणावर लादू नये आणि कोणाचे हिरावूनही घेऊ नये.

त्या देशाचा भाषाभिमान आम्हांस समजतो. उर्दूच्या सक्तीविरुद्ध ढाक्यातील तरुणांनी २१ फेब्रुवारी १९५२ रोजी रक्त सांडले. १९७१ च्या स्वातंत्र्याचे बीज तेथेच पडले. पण याच अभिमानाने ४ नोव्हेंबर १९७२ रोजी संमत झालेल्या संविधानाच्या सहाव्या कलमात लिहिले की, बांगलादेशाचे नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील. चितगावच्या डोंगराळ प्रदेशाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लार्मा यांनी सभागृहात हरकत घेतली. आपण चकमा आहोत, बांगलादेशाचे नागरिक आहोत, पण बंगाली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते कोणी मानले नाही, तेव्हा ते सभात्याग करून गेले. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी परक्या भाषेचे जू झुगारले, त्यांनीच दुसऱ्याच्या मानेवर आपल्या भाषेचे नाव ठेवावे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

पुढे त्या डोंगरांत सशस्त्र लढा पेटला. तो २ डिसेंबर १९९७ च्या कराराने थांबला. तो केवळ एका शब्दापायी पेटला, असे आम्ही म्हणणार नाही. कप्ताई धरणात बुडालेली शेते होती, बाहेरून आणून वसविलेली माणसे होती. परंतु ज्याला संविधानातच आपले नाव सापडत नाही, त्याने आपल्या जमिनीचा दावा कोणत्या भरवशावर मांडावा?

झियाउर रहमान यांच्या लष्करी राजवटीत ‘बंगाली’च्या जागी ‘बांगलादेशी’ हा शब्द आला आणि १९७९ च्या पाचव्या दुरुस्तीने त्यावर शिक्कामोर्तब झाले. येथे आमच्या मतावर एक वजनदार आक्षेप येतो. त्याच काळात संविधानातून धर्मनिरपेक्षता काढून टाकली गेली. मग ‘बंगाली’ हा शब्द तेथील हिंदूंस शेजारच्या मुसलमानाशी जोडणारा दुवा नव्हता काय? होता, हे आम्ही मान्य करतो. पण दुवा म्हणजे कवच नव्हे. १९८८ मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला. २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीने जनता ‘राष्ट्र म्हणून बंगाली’ ठरविली, धर्मनिरपेक्षताही परत आणली. राज्यधर्म मात्र जागच्या जागी राहिला. देवळाचे रक्षण समान हक्काचे कलम आणि ते राबविणारे न्यायालय करते. नावाकडून त्या कामाची अपेक्षा धरणे म्हणजे उंबरठ्यावर स्वस्तिक काढून दार उघडे टाकणे होय.

व्यवहाराची साक्षही आमच्याच बाजूची आहे. २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाचवी दुरुस्ती अवैध ठरविली, तरी ‘बांगलादेशी’ हा शब्द राहू दिला. कारण तो बदलता तर पारपत्रे आणि ओळखपत्रे सारी नव्याने काढावी लागली असती. २००८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने छावण्यांत राहणाऱ्या उर्दूभाषकांना नागरिक मानले. ते बंगाली कधीच नव्हते. बांगलादेशी मात्र निःसंशय आहेत. जानेवारी २०२५ मध्ये संविधान सुधारणा आयोगाने नागरिकांची ओळख केवळ ‘बांगलादेशी’ ठेवावी, अशी शिफारस केली. ती आम्हांस रास्त वाटते.

शेजाऱ्याचा दोष दाखविताना आपल्या अंगणातला केर झाकून चालणार नाही. तेथे भाषेच्या नावाने नागरिकत्व गिळले. येथे नागरिकत्वाच्या नावाने भाषा गिळली जात आहे. २०२५ साली दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात बंगालीचा उल्लेख ‘बांगलादेशी भाषा’ असा झाला. रवींद्रनाथांची भाषा ती! मुर्शिदाबादेचा गवंडी वा मेदिनीपूरचा सोनार आपल्या भाषेत बोलला, एवढ्यावरून त्याला बांगलादेशी म्हणणारे लोक आपल्या गावांतही आहेत. परकीय नागरिक बेकायदा आला असेल तर कायदा आहे, पुरावा आहे, न्यायासन आहे. जिभेवरचा शब्द हा पुरावा नव्हे.

गोव्यात, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिलेल्या आम्हां लोकांस तरी हे निराळे सांगावे लागू नये. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि या दोहोंवर नागरिकत्व तिसरेच, हा आपला नित्याचा संसार आहे. भारताच्या संविधानाने आपल्याला ‘भारताचा नागरिक’ म्हटले आणि भाषा कोणती हे विचारले नाही, म्हणूनच आपण येथे कोणाचे आश्रित नाही. जे आपल्याला लाभले, ते लार्मांच्या चकमांना मिळावे असे म्हणणे आणि मेदिनीपूरच्या सोनाराचे ते कोणी हिरावू लागल्यास मध्ये उभे राहणे, ही दोन निराळी कर्तव्ये नव्हेत.